दोन हीटरना एकाच वेळी रँडम बायनरी सिग्नल द्यायचा आहे: कोरिलेशन हवं तसं कसं आणायचं?

प्रक्रिया_नियंत्रण

नमस्कार. ॲल्युमिनियमचा एक ठोकळा, त्यात दोन कार्ट्रिज हीटर आणि प्रत्येक हीटरशेजारी एकेक पीटी-१०० तापमान सेन्सर अशी रचना आहे. हीटर सॉलिड स्टेट रिलेवर (इलेक्ट्रॉनिक स्विचवर) आहेत. २ सेकंदांच्या खिडकीत चालू-बंदचं प्रमाण बदलून ० ते १०० टक्के पॉवर देता येते. वाचन दर १० सेकंदांनी. यावरून दोन इनपुट, दोन आउटपुट असं मॉडेल काढायचं आहे.

स्टेप टेस्टवरून (पॉवर एकदम बदलून तापमान कसं चढतं ते बघून) मिळालेले ढोबळ आकडे: संथ टाइम कॉन्स्टंट (बदलाचा सुमारे ६३ टक्के भाग पुरा व्हायला लागणारा वेळ) ३०० सेकंद, जलद ४० सेकंदांच्या आसपास. जवळच्या हीटरचा गेन ०.८ अंश प्रति टक्का, पलीकडच्या हीटरचा ०.६.

पहिला प्रयोग: दर सेकंदाला प्रत्येक हीटरसाठी ० ते १ मधला रँडम आकडा काढायचा, ०.५ च्या वर गेला तर ६० टक्के, नाहीतर ४० टक्के. दोन तास चालवलं. तापमान जेमतेम ०.४ अंशाने हललं आणि मॉडेल दर वेळी वेगळं आलं.

दुसरा प्रयोग: प्रत्येक बिट ५० सेकंद धरून ठेवला. आता तापमान नीट हलतं, पण दोन हीटरच्या सिग्नलचं आपसातलं कोरिलेशन (दोन्ही किती एकसारखे हलतात त्याचं माप) कधी ०.१५ तर कधी ०.२ दिसतं. नवीन सीड (रँडम जनरेटरला सुरुवातीला दिलेली संख्या) घेतलं की ते दुसऱ्याच ठिकाणी डोकं वर काढतं.

मला विचारायचं आहे ते असं. ऑटोकोरिलेशन (सिग्नलचं स्वतःच्याच उशिराच्या प्रतीशी कोरिलेशन) आधीच माहीत असलेला बायनरी सिग्नल कसा बनवायचा? आपल्याला हवं ते ऑटोकोरिलेशन मागता येतं का? आणि दोन सिग्नल एकमेकांशी शून्य कोरिलेशनचे कसे मिळवायचे?

---

शिफ्टरजिस्टर

पहिल्या प्रयोगात बिघडलं ते क्लॉकमुळे, म्हणजे किती सेकंदांनी नवा बिट काढायचा त्या अंतरामुळे. दर सेकंदाला नाणं उडवलं की सिग्नलची ऊर्जा ० ते ०.५ हर्ट्झ या पट्ट्यात सारखी पसरते. तुमचा जलद टाइम कॉन्स्टंट ४० सेकंद, म्हणजे कोपरा १ भागिले (२ × पाय (π) × ४०) = ०.००४ हर्ट्झ. त्याच्या खाली तुमच्या सिग्नलची ऊर्जा फक्त ०.८ टक्के पडते. उरलेली सगळी ॲल्युमिनियम गिळून टाकतो. गंमत म्हणजे ०.४ अंश हा आकडा हिशेबानेही तेवढाच येतो, तेव्हा सेन्सर आणि वायरिंगवर संशय घेऊ नका.

दुसऱ्या प्रयोगात दोन तासांत ५० सेकंदांचे १४४ बिट बसतात. खऱ्या रँडम बिटांचं मोजलेलं कोरिलेशन शून्याभोवती १ भागिले √१४४, म्हणजे ०.०८३ एवढ्या प्रमाण विचलनाने हलतं. ६० लॅगचा (एक सिग्नल दुसऱ्यापेक्षा किती बिट सरकवला तो लॅग) आलेख काढलात तर सरासरी तीन ठिकाणी ते ०.१७ च्या बाहेर जाणारच. तुमचा जनरेटर वाईट आहे म्हणून हे होत नाही, बिट रँडम आहेत म्हणूनच होतं. नवीन सीडने खड्डा बुजत नाही, फक्त जागा बदलतो.

म्हणून अशा कामाला पीआरबीएस वापरतात: शिफ्ट रजिस्टरमधून निघणारा, रँडमसारखा दिसणारा पण पूर्ण ठरलेला क्रम. रजिस्टर ७ घरांचं असेल तर क्रम २ चा सातवा घात वजा १, म्हणजे १२७ बिटांनी पुन्हा सुरू होतो. बिट अधिक १ आणि उणे १ धरले तर ऑटोकोरिलेशन शून्य लॅगला १ आणि बाकी प्रत्येक लॅगला उणे १/१२७, म्हणजे उणे ०.००७९. तुमच्या ०.०८३ च्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, आणि तेही नशिबावर अवलंबून नाही.

मोठ्या रजिस्टरकडे जाण्याआधी ४ घरांचं कागदावर करून बघा. घरं १ ते ४, सगळ्यांत १ भरा. प्रत्येक क्लॉकला चौथ्या आणि तिसऱ्या घरातल्या बिटांचा एक्सऑर (बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०) काढा, चौथ्या घरातला बिट बाहेर द्या, सगळे एक घर पुढे सरकवा आणि एक्सऑरचं उत्तर पहिल्या घरात टाका. बाहेर येतं:

१ १ १ १ ० ० ० १ ० ० १ १ ० १ ०

आणि पुन्हा तेच. आठ वेळा १, सात वेळा ०. हाच क्रम एक बिट फिरवून मूळ क्रमाखाली लिहिला तर ७ ठिकाणी जुळतो, ८ ठिकाणी जुळत नाही, फरक उणे १. कितीही फिरवा, उणे १ च येतो.

आता टॅप (ज्या घरांचा एक्सऑर घेतो ती घरं) ४ आणि ३ ऐवजी ४ आणि २ घेऊन बघा. १ १ १ १ ० ० आलं की लगेच पुन्हा १ १ १ १. पंधराऐवजी सहा बिटांतच क्रम संपला. टॅप मनाने निवडले की हे होतं, आणि लांब रजिस्टरमध्ये ते डोळ्यांना दिसत नाही. खात्रीचे टॅप: ७ घरांना ७ व ६, ९ ला ९ व ५, १० ला १० व ७, ११ ला ११ व ९. आठ घरांना दोन टॅप पुरतच नाहीत, तिथे ८, ६, ५, ४ हे चार लागतात. रजिस्टर शून्यांनी भरून सुरू केलं तर जन्मभर शून्यच बाहेर येईल. मायक्रोकंट्रोलरवर व्हेरिएबलची सुरुवात ० ने होते, म्हणून हे आवर्जून तपासा.

तुमच्यासाठीचा हिशेब असा. पीआरबीएसची ऊर्जा ०.४४ भागिले क्लॉक एवढ्या फ्रीक्वेन्सीला निम्मी होते. त्यावरून प्रक्रिया नियंत्रणातला रूढ नियम निघतो: क्लॉक जास्तीत जास्त २.८ × जलद टाइम कॉन्स्टंट ÷ २, म्हणजे ५६ सेकंद. ५० घ्या, कारण क्लॉकला वाचनाच्या १० सेकंदांनी पूर्ण भाग जायला हवा. बिटांची संख्या किमान २ × पाय × ३ × संथ टाइम कॉन्स्टंट ÷ क्लॉक, म्हणजे ११३. त्याच्या वर बसणारी पहिली क्रमलांबी १२७. एक फेरी ६३५० सेकंद, १ तास ४५ मिनिटं ५० सेकंद. तीन फेऱ्या चालवा आणि पहिली टाकून द्या. ऑटोकोरिलेशनचा तो गुण फेऱ्या पूर्ण असतील आणि ठोकळा आधीच त्या लयीत आलेला असेल तरच खरा. अर्ध्या फेरीत प्रयोग थांबवला तर हातात साधा रँडम सिग्नलच उरतो.

७ घरांच्या रजिस्टरने टॅप ७ व ६, सगळीकडे १ अशी सुरुवात केली तर पहिले २८ बिट हे यायला हवेत, जुळवून घ्या:

१११११११ ०००००० १ ००००० ११ ०००० १०१

दुसऱ्या हीटरला हाच क्रम ६३ बिट उशिराने द्या. दोघांतलं कोरिलेशन ६२ लॅगपर्यंत उणे ०.००७९ च राहतं आणि ६३ व्या लॅगला एकदम १ होतं. पण ६३ लॅग म्हणजे ३१५० सेकंद, आणि तुमचा ठोकळा १५०० सेकंदांत स्थिरावतो. तोवर पहिल्या हीटरचा परिणाम संपलेला असतो.

---

संख्याशास्त्र_कट्टा

वरचं सगळं पटलं. पण मूळ प्रश्नाचा एक भाग राहिला: ऑटोकोरिलेशन आपल्या मर्जीचं मागता येतं का? काही मर्यादेत येतं, आणि त्या मर्यादा गाउशियन सिग्नलपेक्षा (ज्याच्या किमती घंटेच्या आकाराच्या वितरणातून येतात) कडक आहेत.

सर्वांत सोपा प्रकार म्हणजे दर लॅगला ठरावीक पटीने उतरणारं ऑटोकोरिलेशन. त्याला फिल्टर लागत नाही. प्रत्येक क्लॉकला मागचाच बिट ठेवायचा, फक्त ठरावीक संभाव्यतेने उलटवायचा. ती संभाव्यता म्हणजे (१ वजा पहिल्या लॅगचं कोरिलेशन) भागिले २. पहिल्या लॅगला ०.८ हवं तर उलटवण्याची संभाव्यता ०.१. मग दुसऱ्या लॅगला ०.६४, तिसऱ्याला ०.५१२ आपोआप येतं आणि एक बिट सरासरी १० क्लॉक टिकतो. संथ प्रक्रियेला कमी फ्रीक्वेन्सीवर जोर द्यायला हे फार सोयीचं आहे.

याहून वेगळा आकार हवा असेल तर बहुतेक जण गाउशियन नॉइज फिल्टरमधून काढून त्याचं फक्त चिन्ह घेतात. मॅटलॅबच्या आयडीइनपुट या फंक्शनला फ्रीक्वेन्सीचा पट्टा देऊन रँडम बायनरी सिग्नल मागितला तर तोही असंच करतो. इथली नेहमीची चूक ही की फिल्टर हव्या त्या ऑटोकोरिलेशनवर बेतला जातो आणि चिन्ह घेतल्यावर ते बदलतं हे लक्षात राहत नाही. चिन्हाचं कोरिलेशन = (२ ÷ पाय) × गाउशियन कोरिलेशनचा आर्कसाइन. दुसऱ्या महायुद्धात रडार जॅमिंगच्या कामात व्हॅन व्ह्लेक यांनी १९४३ मध्ये हे सूत्र मांडलं, १९६६ मध्ये मिडलटन यांच्यासह ते प्रसिद्ध झालं.

आकड्यांत बघा. गाउशियनला ०.८, ०.६४, ०.५१२ दिलं तर चिन्ह घेतल्यावर हातात ०.५९, ०.४४, ०.३४ पडतं. म्हणून उलट जायचं: हव्या त्या प्रत्येक आकड्याला ९० अंशांनी गुणायचं आणि त्याचा साइन घ्यायचा. ०.८ साठी साइन ७२ अंश = ०.९५१, ०.६४ साठी साइन ५७.६ अंश = ०.८४४, ०.५१२ साठी साइन ४६.०८ अंश = ०.७२०. फिल्टर या आकड्यांवर बेता.

आता मर्यादा. साइन घेतल्यावर जी मालिका येते तिचा स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती ऊर्जा) कुठेही ऋण जाता कामा नये. उदाहरणार्थ, फक्त पहिल्या लॅगला कोरिलेशन आणि पुढे सगळीकडे शून्य असा सिग्नल मागितलात, तर गाउशियनमध्ये पहिल्या लॅगला ०.५ च्या पलीकडे जाता येत नाही. ०.५ म्हणजे साइन ३० अंश, आणि ३० भागिले ९० म्हणजे एक तृतीयांश. या मार्गाने ०.३३३ च्या वर मिळणारच नाही. प्रोग्रॅम तरीही काहीतरी उत्तर देतो, कारण फिल्टर काढणारे बरेच रूटीन ऋण स्पेक्ट्रम गुपचूप शून्यावर आणून बसवतात. म्हणून तयार सिग्नलचं ऑटोकोरिलेशन पुन्हा मोजल्याशिवाय तो हीटरपर्यंत नेऊ नका.

काही मागण्या तर कुठल्याच मार्गाने पुऱ्या होत नाहीत. बिट फक्त अधिक-उणे १ असल्यामुळे पहिल्या लॅगच्या दुपटीतून दुसऱ्या लॅगचं कोरिलेशन वजा केलं तर उत्तर १ च्या वर जाऊ शकत नाही. पहिल्याला ०.९ आणि दुसऱ्याला ०.७ मागा: १.८ वजा ०.७ म्हणजे १.१. असा बायनरी सिग्नल अस्तित्वातच नाही. गाउशियन मात्र आहे. कागदावर ही वजाबाकी आधी केली की दिवसभराची शोधाशोध वाचते.

जाता जाता: सी भाषेतल्या रँडम फंक्शनचा शेवटचा बिट घेऊन नाणं उडवू नका. ज्या जनरेटरमध्ये मापांक (ज्याने भागून बाकी घेतात ती संख्या) २ चा घात असतो त्यांचा शेवटचा बिट नुसता ० १ ० १ असा आलटून-पालटून येतो. वरचे बिट वापरा. आणि दोन हीटरसाठी दोन जनरेटर घड्याळाच्या सेकंदावरून सीड केले तर दोघांना तेच सीड मिळतं, कोरिलेशन थेट १.

---

प्रक्रिया_नियंत्रण

दोघांचेही आभार. पहिले २८ बिट जुळले. दोन फेऱ्या चालवल्या, दुसरी वापरली. दोन अडचणी आल्या. एक, इम्पल्स रिस्पॉन्सचा (एका क्षणिक धक्क्याला तापमानाने दिलेल्या प्रतिसादाचा) आलेख स्थिरावल्यावर शून्यावर यायला हवा, तो शून्याच्या खाली सपाट बसतो. दोन, सुरुवातीचा चढ फारच पसरट दिसतो, ४० सेकंदांचं काही ओळखू येत नाही. शिवाय, ६३ बिटांच्या उशिराऐवजी दुसऱ्या हीटरला वेगळ्या टॅपचा क्रम दिला तर ६३ व्या लॅगचं ते शिखर टळेल ना?

---

शिफ्टरजिस्टर

खाली बसणारा आलेख हा त्या उणे १/१२७ चाच परिणाम आहे. आकाराने बारीक असला तरी तो सगळ्या लॅगवर साचतो. क्रॉस-कोरिलेशनमध्ये (दोन वेगळ्या सिग्नलमधल्या, इथे इनपुट आणि तापमानातल्या कोरिलेशनमध्ये) प्रत्येक ठिकाणी खऱ्या रिस्पॉन्समधून दोन्ही हीटरच्या डीसी (स्थिर अवस्थेतल्या) गेनच्या बेरजेचा १२७ वा भाग वजा होतो. ४० ते ६२ आणि १०३ ते १२६ या लॅगवर दोन्ही रिस्पॉन्स संपलेले असतात. तिथली सरासरी काढा आणि ती संपूर्ण आलेखातून वजा करा, आलेख वर सरकेल. मग सगळ्याला १२७/१२८ ने गुणा. लॅग ० ते ६२ मध्ये पहिल्या हीटरचा रिस्पॉन्स, ६३ पासून पुढे दुसऱ्याचा, एकाच आलेखात दोन्ही.

पसरट चढाचं कारण वेगळं. क्लॉक ५० सेकंदांचा आणि वाचन १० सेकंदांचं, त्यामुळे १० सेकंदांच्या पायरीवर ऑटोकोरिलेशन सुईसारखं न राहता दोन्ही बाजूंना ५०-५० सेकंद पसरलेला त्रिकोण होतो. तो त्रिकोण तुमच्या रिस्पॉन्सवर फिरतो आणि ४० सेकंदांची धार बोथट करतो. एक तर दर पाचवं वाचन घेऊन ५० सेकंदांच्या पायरीवर हिशेब करा, किंवा कोरिलेशन सोडून सगळ्या वाचनांवर थेट लीस्ट स्क्वेअर्सने (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करून) मॉडेल बसवा. मी दुसरा मार्ग घेईन. आणि प्रत्येक पायरीला सेन्सर आधी वाचा, बिट नंतर बदला. हा क्रम उलटा झाला की सगळ्या मॉडेलमध्ये एका वाचनाचा उशीर खोटाच शिरतो.

वेगळे टॅप घेऊ नका. १२७ लांबीचे एकूण १८ क्रम आहेत. प्रत्येकाचं स्वतःचं ऑटोकोरिलेशन उत्तम, पण दोघांचं आपसातलं वाईट असू शकतं, सर्वांत वाईट जोडीत ४१/१२७ म्हणजे ०.३२. ज्या ०.२ पासून तुम्ही पळताय त्याहून जास्त. जोडी घ्यायचीच असेल तर मूळ क्रमातला दर तिसरा बिट, शेवटाला पोचल्यावर पुन्हा सुरुवातीपासून मोजत, १२७ वेळा उचला. या जोडीचं क्रॉस-कोरिलेशन फक्त तीनच किमती घेतं: उणे १, उणे १७ आणि १५, भागिले १२७. म्हणजे जास्तीत जास्त ०.१३. रॉबर्ट गोल्ड यांनी १९६७ मध्ये अशाच जोड्यांवरून सांकेतिक क्रमांची कुटुंबं बांधली. जीपीएसचा मूळ नागरी कोड (सी/ए) आणि आपल्या इस्रोच्या नाविकचा एल-५ पट्ट्यावरचा खुला कोड हे दोन्ही १०२३ लांबीचे गोल्ड कोड आहेत. तिथे प्रत्येक उपग्रहाचा सिग्नल रिसीव्हरपाशी वेगळ्याच उशिराने पोचतो, म्हणून कुठल्याही लॅगला शिखर चालत नाही आणि १०२३ पैकी ६५ एवढं कोरिलेशन सगळीकडे सोसावं लागतं. तुमच्याकडे उशीर तुमच्या हातात आहे. ६३ व्या लॅगचं शिखर १५०० सेकंदांच्या पलीकडे आहे, ते कुणालाच अडवत नाही.

---

दुहेरी_लूप

सिग्नल बनवण्याबद्दल वर सगळं नेमकं आलं आहे. पण या ठोकळ्यासाठी शून्य कोरिलेशन मागणंच मला चुकीचं वाटतं. तुमच्या पहिल्या पोस्टमधले आकडे बघा.

दोन्ही हीटर मिळून १ टक्का वाढवले तर दोन्ही तापमानं ०.८ + ०.६ = १.४ अंशांनी चढतात. एक १ टक्का वाढवून दुसरा १ टक्का कमी केला तर एक तापमान ०.२ अंशांनी चढतं आणि दुसरं तेवढंच उतरतं. बेरजेच्या दिशेचा गेन फरकाच्या दिशेच्या सातपट आहे. असंबद्ध सिग्नल दोन्ही दिशांना सारखाच धक्का देतात. अधिक-उणे १० टक्क्यांनी एकीकडे १४ अंशांची हालचाल, दुसरीकडे २ अंशांची. मॉडेल बेरीज सुरेख शिकतं आणि फरक नॉइजमध्ये बुडतो. मग त्या मॉडेलवरून दोन तापमानं वेगवेगळी ठेवणारा कंट्रोलर बनवला की तो भरकटतो, कारण त्याला नेमका फरकाचा गेन उलटा करून लागतो. ०.२ च्या जागी मॉडेलने ०.१ म्हटलं तर कंट्रोलर दुप्पट जोर लावणार.

आता टाइम कॉन्स्टंट बघा: ३०० आणि ४०. गुणोत्तर साडेसात, गेनचं गुणोत्तर सात. हा योगायोग नाही. सारखे दोन भाग एकमेकांना जोडलेले असतील तर बेरजेची उष्णता फक्त खोलीत जाऊ शकते, फरकाची उष्णता ठोकळ्यातल्या ठोकळ्यातही वाहून जाते. त्यामुळे फरकाची दिशा ज्या पटीने कमकुवत, त्याच पटीने जलद. तुम्ही शोधताय तो ४० सेकंदांचा टाइम कॉन्स्टंट म्हणजेच फरकाची दिशा. एका हीटरच्या ०.८ गेनमध्ये ०.७ संथ भागाचा आणि फक्त ०.१ जलद भागाचा. आलेखात तो दिसत नाही याचं निम्मं कारण शिफ्टरजिस्टर यांनी सांगितलेला त्रिकोण, आणि निम्मं हे.

म्हणून कोरिलेशन मुद्दाम ऋण ठेवा. निव्वळ बायनरीत राहायचं असेल तर: पहिल्या हीटरला पीआरबीएस, दुसऱ्याला त्याचा उलटा बिट, फक्त आठातून एकदा, रँडम आकडा ०.१२५ च्या खाली आला की, उलटा न करता तसाच. दोघांतलं कोरिलेशन उणे ०.७५ होतं. बेरजेच्या दिशेची ऊर्जा फरकाच्या एक सप्तमांश. याचा आणखी एक फायदा: स्थिर अवस्थेच्या हिशेबाने तापमानाची हालचाल जवळजवळ निम्म्यावर येते, त्यामुळे धक्का १० टक्क्यांवरून १९ टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. तोटा असा की ६३ बिटांची युक्ती इथे लागू होत नाही, दोन्ही हीटर एकत्र घेऊन लीस्ट स्क्वेअर्सच करावं लागतं. आणि ते आठातले एकदा येणारे बिट रँडम असल्यामुळे एका फेरीत ते साधारण १६ च पडतात. प्रयोगाआधी मोजून घ्या. ११ किंवा २१ पडले असतील तर सीड बदला. एकदा निवडलेले बिट प्रत्येक फेरीत तेच ठेवा, नाहीतर फेरी फेरीसारखी राहणार नाही.

पण तुमच्याकडे पॉवर टक्क्यांत देता येते, फक्त दोनच पातळ्यांचं बंधन नाही. मग याहून चांगलं करता येतं. मूळ पीआरबीएसला फरकाचा क्रम म्हणा, ६३ बिट उशिराच्या प्रतीला बेरजेचा क्रम म्हणा.

पहिला हीटर = ५० + १४ × फरक + २ × बेरीज
दुसरा हीटर = ५० − १४ × फरक + २ × बेरीज

प्रत्येक हीटरला चार पातळ्या: ६६, ६२, ३८, ३४ टक्के. तापमानात फरकाचा वाटा ०.२ × १४ = २.८ अंश, बेरजेचा १.४ × २ = २.८ अंश. दोन्ही दिशा सारख्याच ठळक. हीटरमधलं कोरिलेशन उणे ०.९६, पण ज्या दोन क्रमांवर हिशेब करायचा ते आपसात उणे ०.००७९ वरच आहेत, म्हणून आधीच्या एकाच आलेखातून दोन्ही रिस्पॉन्स काढायची सोय शाबूत राहते. फक्त दोन तापमानांच्या ऐवजी त्यांची बेरीज आणि वजाबाकी घेऊन कोरिलेशन करा.

---

प्रक्रिया_नियंत्रण

हे डोक्यातच आलं नव्हतं. २ टक्के इतका लहान आकडा २ सेकंदांच्या खिडकीत नीट दिला जाईल का? ५० हर्ट्झ मेन्सवर झीरो क्रॉसिंगचा (व्होल्टेज शून्यावर असतानाच चालू होणारा) रिले आहे.

---

दुहेरी_लूप

अर्ध्या लहरीला १० मिलिसेकंद, म्हणजे २ सेकंदांत २०० अर्ध्या लहरी. सर्वांत लहान पायरी ०.५ टक्का. ६२ टक्के म्हणजे १२४ अर्ध्या लहरी, ६६ म्हणजे १३२. चारही पातळ्या पूर्ण आकड्यांत बसतात. आकडे बदललेत तर ०.५ च्या पटीतच ठेवा, नाहीतर गोळाबेरीज होऊन बेरजेच्या २ टक्क्यांतच सर्वांत मोठी चूक शिरेल. मेन्सचा व्होल्टेज मात्र फेरीभर नोंदवत राहा. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, २३० चे २२५ झाले तर पॉवर ४ टक्क्यांहून थोडी जास्त पडते. दोन्ही हीटर एकाच फेजवर असतील तर ती चूक मुख्यतः बेरजेच्याच दिशेला जाते: ५० टक्क्यांवर चालू असताना सुमारे २ टक्के, म्हणजे तुमच्या बेरजेच्या धक्क्याएवढीच.

---

शिफ्टरजिस्टर

त्यासाठी हीटरला दिलेले टक्के हा इनपुट न धरता टक्के × व्होल्टेजचा वर्ग ÷ (२३० चा वर्ग) हा इनपुट धरा. मग मात्र इनपुट अगदी तंतोतंत पीआरबीएस राहत नाही आणि कोरिलेशनचा सोपा मार्ग चुकतो, लीस्ट स्क्वेअर्सला काही फरक पडत नाही. रात्री उशिरा फेरी लावता आली तर व्होल्टेज कमी हलतो का ते एका रात्रीच्या नोंदीवरून बघा. तीन फेऱ्यांना ५ तास १७ मिनिटं ३० सेकंद लागतात.